पार्किंगचं डांबर: वरून नवा थर द्यावा की खणून नव्याने करावं?

संकुलव्यवस्था

नमस्कार. एका व्यापारी संकुलाचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे. समोर आणि मागे मिळून बरंच मोठं उघडं पार्किंग आहे, सगळं डांबरी आणि मूळ बांधकामाच्या वेळचंच. आजवर खड्डे बुजवले, एकदा सीलकोट (वरून संरक्षक पातळ लेप) मारला, पांढरे पट्टे पुन्हा आखले. त्यापलीकडे काही झालेलं नाही.

सध्याची अवस्था सांगतो. समोरच्या भागात ग्राहकांच्या गाड्या उभ्या राहतात. तिथलं डांबर करडं पडलंय, हात-दोन हात अंतरावर चौकोनी भेगा आहेत, पण जमीन सपाट आहे, कुठे खचलेली नाही. मागच्या बाजूला माल उतरवायचा धक्का आणि कचऱ्याच्या कुंड्या आहेत. फाटकापासून तिथपर्यंतच्या मार्गावर बारीक जाळीदार भेगा पडल्यात, चाकांच्या जागी दोन चऱ्या खोल गेल्यात आणि पाऊस पडून गेल्यावर ट्रक गेला की भेगांतून गढूळ पाणी वर येतं. तिसरी जागा झाडांच्या वाफ्यालगतच्या कोपऱ्याची. तिथे बुजवलेला खड्डा टिकतच नाही, कोरड्या दिवसांतही ओल असते.

दोन ठेकेदार येऊन पाहून गेले. एक म्हणतो, सगळीकडे ५० मिमीचा नवा थर टाकू, काही दिवसांत काम संपेल. दुसरा म्हणतो, सगळं खणून पायापासून करा, नाहीतर पैसे पाण्यात. दोघांच्या आकड्यांत कित्येक पटींचा फरक आहे. दुकानदारांना पार्किंग बंद झालेलं चालणार नाही आणि समितीत सरळ दोन गट पडलेत. मी तांत्रिक माणूस नाही. नेमकं कशावरून ठरवायचं?

गाळाक्रमांकसात

आमच्याकडे हाच प्रश्न होता. वरून थर टाकला. पहिले काही महिने पार्किंग इतकं छान दिसत होतं की सगळ्यांनी समितीचं कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यानंतर भेगा दिसायला लागल्या, त्याही जुन्या भेगा जिथे होत्या बरोबर तिथेच. ठेकेदाराने सांगितलं की भेगांची हमी करारात नाही, आणि करारात खरंच नव्हती. माझं मत विचाराल तर एकदाच त्रास सोसा आणि सगळं खणून करा.

तळथर

रस्ते आणि पार्किंगच्या थरांची तपासणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही ठेकेदार अख्ख्या पार्किंगला एकच उत्तर देतायत. माझा आक्षेप तिथेच आहे. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात तीन वेगळे आजार आहेत, आणि तुम्ही ते इतके नीट वेगळे करून सांगितलेत की निम्मं काम तिथेच झालं.

मागच्या मार्गावरच्या जाळीदार भेगांना आमच्याकडे अ‍ॅलिगेटर क्रॅक म्हणतात, मगरीच्या पाठीसारख्या दिसतात म्हणून. त्या वजनाने पडतात. चाक वरून गेलं की डांबराचा थर किंचित वाकतो आणि त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो. हे असंख्य वेळा झालं की भेग खालून सुरू होते आणि वर चढते. ती तुम्हाला वर दिसेपर्यंत थराची पूर्ण जाडी तुटलेली असते. त्यातून गढूळ पाणी येतंय याचा अर्थ पाणी खडीच्या थरापर्यंत, कदाचित त्याखालच्या मातीपर्यंत पोचलंय, आणि प्रत्येक ट्रकबरोबर तिथली बारीक माती बाहेर फेकली जातेय. खाली पोकळी वाढत जाते. यावर ५० मिमी काय, ७५ मिमी टाकलंत तरी नवा थर तसाच वाकणार आणि तसाच तुटणार.

समोरच्या चौकोनी भेगांचं कारण वेगळं आहे. डांबर उन्हाने आणि हवेने वर्षानुवर्षं कडक होत जातं, तापमान खाली-वर झालं की आकसतं, आणि लवचिकपणा संपल्यामुळे फाटतं. वजनाचा इथे फारसा संबंध नसतो, म्हणूनच गाड्या नुसत्या उभ्या राहतात तिथेही त्या दिसतात. जमीन खचलेली नसेल तर पाया चांगला असण्याची शक्यता बरीच आहे. चांगला पाया खणून ट्रकमध्ये भरून फेकून देणं मला पटत नाही. वर्षानुवर्षांच्या रहदारीने घट्ट बसलेली खडी आहे ती, आणि नवी टाकून तशी बसवायला मेहनत लागते.

समोर आणि मागे इतका फरक का पडतो, तेही सांगते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ आशो रोड टेस्ट झाली, म्हणजे ट्रकच्या भाराने रस्ता किती खराब होतो हे पाहणारा मोठा प्रयोग. मुद्दाम बांधलेल्या वळशांवर सैन्याचे चालक सतत ट्रक फिरवत होते. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण चौथ्या घाताने, म्हणजे सोळापट वाढतं. मोटारीच्या एका आसावर एक टनाच्या आतबाहेर भार असतो आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर त्याच्या दहापट सहज असू शकतो. दहापट भाराला नुकसान दहा हजारपट. तुमच्या समोरच्या भागातून दिवसभरात जितक्या मोटारी जातात त्या सगळ्यांपेक्षा मागे येणारा कचऱ्याचा एक ट्रक जमिनीला जास्त त्रास देतो. दोन्ही भाग एकाच जाडीचे बांधले असतील तर मागचा आधी जाणारच.

वाफ्याच्या कोपऱ्याबद्दल मी इतकंच म्हणेन की तिथे डांबराचा विचार करण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. झाडांना घातलेलं पाणी कर्बच्या खालून पार्किंगच्या पायात शिरणं हे फार नेहमीचं आहे, फक्त त्याकडे कुणी पाहत नाही.

गाळाक्रमांकसात, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला नावही आहे: रिफ्लेक्टिव्ह क्रॅक. खालची भेग उघडझाप करत राहते आणि वरच्या नव्या थरातून वर येते. वर्षाला साधारण २५ मिमी असा एक जुना अंदाज सांगतात. म्हणजे जुन्या उघड्या भेगांवर सरळ ५० मिमी टाकलं तर दोनेक वर्षांत त्या वर दिसू लागतात. पण यावरून सगळं खणा असा निष्कर्ष मी काढणार नाही. तुमच्याकडे आधी भेगा साफ करून भरल्या होत्या का, वरचा जीर्ण थर मिलिंग मशीनने खरवडून काढला होता का, टॅक कोट (जुना आणि नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) मारला होता का, हे विचारायला हवं.

संकुलव्यवस्था, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. वरून पाहून अवस्थेला ० ते १०० गुण देण्याची पद्धत आहे, पीसीआय म्हणतात, एएसटीएम डी ६४३३ हे तिचं मानक, आणि त्यात पार्किंगही धरलंय. समितीपुढे नकाशा मांडायला ती उपयोगी आहे. पण ती फक्त वरचं सांगते. तुमचा निर्णय खालच्यावर आहे, म्हणून दर मागवण्याआधी जमीन उघडून बघा.

प्रत्येक भागातून कोअर (यंत्राने कापून काढलेला डांबराचा गोल नमुना) काढून घ्या, चांगल्या दिसणाऱ्या जागेतूनसुद्धा. कोअर अखंड निघतो का? डांबराचे दोन थर एकमेकांना चिकटलेले आहेत की हातात सुटे येतात? सगळ्यात खालची खडी काळी आहे की धुतल्यासारखी उघडी पडलीय? उघडी असेल तर पाण्याने डांबर सोडवलंय, आणि तो थर वरून कितीही ठीक दिसला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन खडीची जाडी मोजा, खडीत माती मिसळलीय का ते पाहा, आणि तळाच्या मातीत डीसीपी, म्हणजे टोक ठोकून जमिनीचा टणकपणा मोजायची चाचणी, करून घ्या. त्यात ८ किलोचा हातोडा ५७५ मिमी उंचीवरून टाकतात आणि दर ठोक्याला टोक किती मिलिमीटर आत गेलं ते लिहून ठेवतात. साधं उपकरण आहे, पण मऊ थर कुठे सुरू होतो ते लगेच कळतं.

हे सगळं पावसाळा संपता संपता करा. कोरड्या दिवसांत चिकणमाती इतकी टणक लागते की वाईट पायाही पास होतो.

संकुलव्यवस्था

ताई, खूप आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. समितीतले दोन्ही गट खड्ड्याशी उभे राहून बघत होते, त्यामुळे निम्मा वाद तिथेच मिटला.

समोरच्या भागात डांबर ९० मिमी, कोअर सगळे अखंड, खाली २०० मिमी खडी, कोरडी आणि घट्ट. मागच्या मार्गावर डांबर फक्त ६० मिमी निघालं आणि कोअर बाहेर काढताना तुकडे झाले. खडी जेमतेम ११० मिमी, त्यात चिखल मिसळलेला, खाली मऊ चिकणमाती. वाफ्याच्या कोपऱ्यात खणल्यावर खड्ड्यात पाणी झिरपत आलं. झाडांची पाण्याची नळी एका जोडावर गळत होती आणि छताच्या पन्हळीचं पाणीही तिथेच सोडलेलं आहे.

पहिला ठेकेदार आता म्हणतो की मागे ५० मिमी खरवडून ७५ मिमी टाकू. शिवाय कुणीतरी सुचवलं की जुनं डांबर आणि खडी जागच्या जागी दळून, सिमेंट मिसळून नवा पाया करता येतो, खणावं लागत नाही. हे खरं आहे का? आणि समोर थर टाकायचा असेल तर तो खरवडून की तसाच वर?

ढाळरेषा

मी वास्तुविशारद आहे, डांबरातलं तळथर ताईंना जास्त कळतं. मी फक्त उंचीबद्दल लिहितो, कारण हा मुद्दा नेहमी काम झाल्यावर लक्षात येतो.

न खरवडता वर ५० मिमी टाकलं की पूर्ण पार्किंग ५० मिमीने वर येतं. कर्ब तेवढा बुटका होतो, चेंबरची झाकणं आणि पाण्याच्या जाळ्या खड्ड्यात जातात, दुकानांच्या उंबऱ्याकडे पाणी वळतं, रॅम्पच्या तोंडाशी पायरी तयार होते. म्हणून कामाआधी लेव्हल (जागोजागच्या उंचीचं मोजमाप) घेऊन घ्या. ढाळ १ टक्क्याच्या खाली असेल तर डांबरावर पाणी तुंबतंच, दीड-दोन टक्के ठेवलेला बरा. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी राखलेल्या जागेत मात्र कुठल्याही दिशेला तो साधारण २ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. तिथे चाकं आपोआप सरकली तर माणूस गाडीतून उतरू शकत नाही. या जागा पट्टे आखताना ठरवू नका, थर टाकण्याआधी ठरवा.

पार्किंगचा काही भाग तळघराच्या छतावर असेल तर आधी संरचना अभियंत्याला विचारा. ५० मिमी डांबराचं वजन दर चौरस मीटरला ११५ ते १२० किलो होतं आणि ते कायमचं बसतं.

आणखी एक. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी रिकामे पाइप आत्ताच जमिनीखालून टाकून ठेवा. नवं डांबर कापून चर मारलेली पार्किंगं बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण तोच चर पुढे पाणी आत घेतो.

तळथर

ढाळरेषा यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. लेव्हलचा नकाशा नसेल तर मी पुढचं काही ठरवणारच नाही.

संकुलव्यवस्था, आकडे वाचून बरं वाटलं. इतका स्पष्ट निकाल क्वचित मिळतो.

समोरचा भाग खणू नका. वरचे ४० मिमी खरवडा आणि तेवढाच किंवा थोडा जास्त नवा थर द्या. खाली ५० मिमी शाबूत जुनं डांबर राहतं, उंची फार बदलत नाही. खरवडल्यावर ज्या भेगा खालीही दिसतील त्या साफ करून भरून घ्या. मध्ये जाळी किंवा कापडाचा थर घालायचा सल्ला मिळेल. त्याने भेगा उशिरा येतात, थांबत नाहीत, त्यामुळे भेगा भरण्याचं काम त्याच्या नावाखाली वगळू देऊ नका. टॅक कोट सगळीकडे सारखा पडलाय का ते स्वतः उभं राहून बघा. तो नीट नसेल तर गाड्या वळतात आणि ब्रेक लावतात तिथे नवा थर जुन्यावरून सरकतो आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा पडतात.

मागे ६० मिमीतले ५० मिमी खरवडायचे म्हणजे १० मिमी उरतात, तेही तुटलेले. मिलिंग मशीन आणि माल आणणारे ट्रकच त्यातून खाली रुततील. हा प्रस्ताव देणाऱ्याने तुमचा कोअर पाहिलेला नाही किंवा पाहून दुर्लक्ष केलंय. तो नाकारा.

जागच्या जागी दळण्याची पद्धत खरी आहे आणि चांगली आहे, फुल डेप्थ रेक्लमेशन म्हणतात. जुनं डांबर आणि खडी एकत्र दळून त्यात सिमेंट, इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) किंवा फेसाळलेलं डांबर मिसळतात, आणि वाहतूक खूप वाचते. पण तुमच्याकडे डांबर आणि खडी मिळून १७० मिमीच आहे, खडीत आधीच चिखल आहे आणि खाली मऊ माती. त्यापेक्षा खोल दळलं तर चिकणमातीच वर मिसळणार, आणि मऊ तळ तसाच राहणार. शिवाय पाण्याचे किंवा विजेचे पाइप उथळ असतील तर ते मशीन त्यांना फाडून काढतं. त्यामुळे मागचा मार्ग पूर्ण खणून करा. दळलेला जुना माल प्रयोगशाळेत पास झाला तर सब-बेसमध्ये (पायाच्या खालच्या थरात) वापरता येईल, तेवढी वाहतूक आणि खडी वाचेल.

खणल्यावर तळाची माती किती खोल मऊ आहे ते डीसीपीच्या नोंदींवरून ठरवा. थोडी असेल तर काढून चांगला मुरूम भरा. बरीच खोल असेल तर चुना मिसळून सुधारणं परवडू शकतं, पण त्यासाठी मातीची चाचणी आधी हवी. चिकणमाती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं खास कापड) अंथरा, म्हणजे चिखल पुन्हा खडीत चढणार नाही. प्रत्येक थराची जाडी मात्र ट्रकच्या भारावरून अभियंत्याकडून काढून घ्या, ठेकेदाराच्या सवयीवरून नको.

डांबर टाकण्याआधी एक अट करारात नक्की घाला: तयार पायावरून भरलेला ट्रक सावकाश चालवायचा आणि चाकामागे चालत जमीन दबते-उसळते का ते बघायचं. जिथे हलेल तिथे पुन्हा खणायचं, त्याच दिवशी, ठेकेदाराच्या खर्चाने. याला प्रूफ रोलिंग म्हणतात. अख्ख्या कामात इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक चाचणी दुसरी नाही.

धक्क्यासमोर आणि कचऱ्याच्या कुंड्यांखाली डांबर नकोच, काँक्रीटचा स्लॅब करा. तिथे भार जागच्या जागी उभा असतो, चाकं जाग्यावर वळतात आणि तेल सांडतं. डिझेल-तेलाने डांबर विरघळतं. स्लॅब इतका लांब ठेवा की कुंडी उचलताना ट्रकची मागची चाकंही त्यावर असतील. निव्वळ कुंडीपुरता केलेला स्लॅब मी पाहिलाय. पुढचं डांबर तसंच फुटतं.

वाफ्याचा कोपरा: गळकी नळी बदला, पन्हळीचं पाणी पाइपने थेट गटारात न्या, वाफ्याच्या कडेने खडी आणि छिद्रांचा पाइप घालून चर काढा, मग ओला भाग खणून भरा. याच क्रमाने. नळी आधी बदलून काही दिवस थांबलात तर किती ओल खरंच नळीची होती तेही कळेल.

जुनं आणि नवं जिथे मिळतं तो जोड पायरीने करा, उभा सरळ नको, आणि कापलेल्या कडेला टॅक कोट मारा. जोड चाकांच्या रेषेत येऊ देऊ नका.

टप्प्यांबद्दल दुकानदारांशी आधी बोला. मागचं काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत होऊ शकतं, म्हणजे माल उतरवणं सुरू राहील. समोरचं काम सगळ्यात शेवटी, नाहीतर खोदकामाचे भरलेले डंपर तुमच्या नव्या थरावरून जातील. आणि टाकल्यावर घनता तपासायला पुन्हा कोअर काढायची अट घाला. थरात हवेच्या पोकळ्या ८ टक्क्यांच्या वर राहिल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार जातं. कोपऱ्यांत हाताने टाकलेला माल लवकर थंड होतो, तिथे रोलर वेळेत पोचला नाही की हमखास हेच होतं, म्हणून कोअर नेमके तिथूनच काढायला सांगा.

संकुलव्यवस्था

ताई, ढाळरेषा, हे सगळं जसंच्या तसं समितीपुढे ठेवतो. निविदा आता तीन भागांत काढणार आहोत, प्रत्येक भागाचं वेगळं मोजमाप आणि वेगळा दर. एकच विचारायचं राहिलं: काम झाल्यावर ट्रक किती दिवसांनी सोडायचे?

तळथर

मोटारींना डांबरावर दुसऱ्या दिवशी सोडता येईल, पण उन्हाळा असेल तर पहिले काही आठवडे जाग्यावर स्टीअरिंग फिरवल्याच्या खुणा पडतील, त्याची दुकानदारांना आधीच कल्पना द्या. ट्रक दोन-तीन दिवस थांबवा. काँक्रीटच्या स्लॅबवर ट्रक मात्र किमान सात दिवस नको, आणि त्यानंतरही क्यूबची (त्याच काँक्रीटच्या नमुन्याच्या ठोकळ्यांची) ताकद तपासून अभियंत्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय फाटक उघडू नका. या काळात कचरा कुठून उचलायचा ते काम सुरू होण्याआधी ठरवून ठेवा.